राहू दे

रुटबागा हे नाव मी ठेवलं नाही.
शेजारच्या टॉइव्होने ठेवलं, पिल्लू पाहताक्षणी:
अर्धं जांभळट, अर्धं पांढुरकं,
नुकतंच मातीतून उपटलेल्या कंदासारखं.
डुलूथमध्ये हा कंद आम्ही खिम्याच्या करंजीत घालतो
आणि कुणी मागून घेत नाही.

एकतीस हिवाळे मी बर्फ लोटायचा ट्रक चालवला.
मला ढकलणं येतं.
समोर येईल ते बाजूला सारायचं, मीठ टाकायचं, पुढे.
आता दर मंगळवारी संध्याकाळी
चर्चच्या तळघरात, घडीच्या खुर्च्यांमध्ये,
मी एका कुत्र्याला काहीही न करणं शिकवते आहे.

आधी उडी नाही.
मग हात चाटणं नाही, हाताला लोण्याचा वास असला तरी.
मग कुबड्या. मग चाकांची खुर्ची,
तीत बसून ब्रिटा मुद्दाम वेडीवाकडी अंगावर येते.
मग पाठीमागे स्टीलचा ट्रे आपटायचा.
रुटबागा दचकतो, माझ्याकडे बघतो:
तू केलंस का हे?
मी छताकडे बघते.

सगळ्यात अवघड गोळी.
फरशीवर पडलेली, कलेजीच्या चुऱ्यात लोळवलेली.
नाक तिच्यावर, लाळेची तार जमिनीला टेकलेली,
आणि आपण म्हणायचं, हळू, एकदाच:
राहू दे.

चारशे वेळा म्हटलं असेन.
बंदरावर, मेलेल्या सीगलपाशी,
नातवाच्या अर्ध्या सँडविचपाशी.
टॉइव्हो म्हणाला, शेपूट नळीत घालतेयस तू.
मी शेपटीला हातही लावला नाही.
मार्चमध्ये तो शिकला.
राहू दे म्हटलं की मान वळवायची,
एक पाऊल मागे,
आणि भिंतीकडे बघत बसायचं
जेवणाच्या सुट्टीतल्या कारकुनासारखं.
मला फार आनंद झाला. त्या रात्री झोप लागली नाही.

परीक्षा पास. हिरवा कोट.
गळ्यात ओळखपत्र, फोटोत जीभ बाहेर.

चौथा मजला, खिडकीजवळचा पलंग: हालव्हर ब्रेके.
जन्मभर धक्क्यावर जहाजांत लोखंडाची माती भरलेली,
आता डावी बाजू निकामी.
पहिल्याच दिवशी म्हणाले, मला कुत्रे आवडत नाहीत.
तीन मंगळवार आम्ही दाराशी बसून निघून आलो.
चौथ्यांदा त्यांचा चालता हात पलंगावरून खाली लोंबत होता.
रुटबागा उठला, गेला,
आणि त्या हाताखाली आपली हनुवटी सरकवली.
हे मी शिकवलेलं नव्हतं.

वीस मिनिटं झाली. मारिसोल नर्स म्हणाली, वेळ संपली.
मी पट्टा उचलला.
ब्रेके डोळे मिटूनच म्हणाले,
"राहू दे."

रुटबागाला ते शब्द पाठ होते.
मान वळवली. एक पाऊल मागे.
भिंतीकडे बघत बसला, अगदी परीक्षेसारखा.
ब्रेक्यांचा हात होता तिथेच राहिला,
हनुवटीएवढी पोकळी धरून.

सव्वा वर्षात मी त्याला
याच्या उलटा शब्द शिकवलाच नव्हता.
ये म्हटलं, आला नाही. बिस्किट दाखवलं, बघितलं नाही.
इतका चांगला शिकला होता.
शेवटी मीच खाली बसले, गुडघे कडकड वाजले,
आणि गादीच्या कडेवर माझी हनुवटी टेकवली.
ब्रेक्यांनी एक डोळा उघडला.
"ही कुठली जात?"
मारिसोल हसली तशी रुटबागाने मान वळवली,
मला नाकाने बाजूला लोटलं,
हुबेहूब माझ्या ट्रकसारखं,
आणि जागा घेतली.

परतताना सरोवराकाठी कोट काढला.
बर्फ फुटत होतं, लाटांत काचेसारखं किणकिणत.
त्याला एक सडका मासा सापडला.
आधी एक खांदा, मग दुसरा, मग पाठ,
चारही पाय आभाळात.
शब्द माझ्या ओठांवर आला.
पण तो आज ब्रेक्यांनी वापरला होता.

सगळ्या काचा खाली करून घरी आलो, एप्रिलच्या थंडीत,
दोघंही नाक बाहेर काढून.